बुडालोबुवा गेले

दवाखान्याच्या औषधखिडकीत मी बसते. खिडकी इतकी लहान की बाहेरच्यांना माझे फक्त हात दिसतात, तरी सगळे मला ओळखतात. "बुडालोबुवांची मुलगी आहे ना आत?" असं विचारून मगच चिठ्ठी सरकवतात. ओळख दिली की औषध जरा लवकर मिळेल, असा त्यांचा हिशेब. ते मुद्दाम खिजवत नाहीत, हे मला कळतं. पण नुसतं कळलं म्हणून कुणाचं दुखणं थांबलेलं मी दवाखान्यात इतकी वर्षं काढूनही पाहिलेलं नाही.

बुडालोबुवा म्हणजे माझे बाबा. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते आमच्या गावच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी ठेवलं, मी नुकतीच शाळेत जायला लागले होते त्या सुमारास.

त्या काळी पेपरात माणसाला सरळ त्याच्या नावाने बोलावलं, तर लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही असं समजत. आमचे संपादक तर या कामात पटाईत. नगरपालिकेचे अध्यक्ष त्यांच्या लेखी फीतकापे महाशय होते, हेडमास्तर छडीसम्राट, आणि सभेत पुढच्या रांगेत बसणारे एक वकील टाळीखाऊ. आणि साप्ताहिकाचा एक नियम होता, लिहिलेला नाही पण अगदी पक्का. एकदा एखाद्याला असं नाव पडलं, की त्याचं खरं नाव त्या पेपरात पुन्हा छापायचं नाही. त्याचा सत्कार होवो की अपघात, छापून येणार ते ठेवलेलंच नाव. छापखान्यातल्या जुळाऱ्याने ही नावं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, दोऱ्याने बांधून, खिडकीजवळच्या एका ट्रेमध्ये तयारच ठेवलेली असत. दर वेळी नव्याने कोण जुळवत बसणार?

लोकांना हे आवडायचं. ज्यांना नावं पडली होती त्यांनाही आवडायचं, निदान ते तसं दाखवायचे. फीतकापे महाशय संपादकांना भर रस्त्यात मिठी मारून चहा पाजायला न्यायचे. हसून साजरं केलं की नाव अंगाला लागत नाही, ही युक्ती त्यांना जमली होती. बाबांना ती जमली नाही. त्यांना स्वतःवर हसता येत नसे, आणि आमच्या गावात तो मोठाच गुन्हा होता.

आमचं गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. शाळा आणि दवाखाना पलीकडे, बाजार आणि बरीचशी घरं अलीकडे. पूल पार गावाच्या टोकाला, म्हणून येजा करायला पालिकेची एक लाकडी लाँच होती. बाबा पालिकेत तपासनीस होते. पायऱ्या, कठडे, टाक्या, लाँच, जे जे सार्वजनिक आणि मोडण्यासारखं, ते ठोकून पाहणं हे त्यांचं काम. एका पाहणीत त्यांना लाँचच्या तळाच्या फळ्या कुजलेल्या आढळल्या. चाकूचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं, असं ते घरी येऊन आईला म्हणाले. त्यांनी वर कळवलं. वरच्यांनी कागद बाजूला ठेवला. मग बाबा पालिकेच्या खुल्या सभेत उभे राहिले.

बाबांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. शांतपणे सांगायचं ते त्यांनी ओरडून सांगितलं, की उद्या मुलं ‘बुडालो, बुडालो’ म्हणून हाका मारतील तेव्हा तुम्ही कागद शोधत बसाल. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. संपादक त्याच बाकावर होते.

पुढच्या अंकात आलं ते असं: "आमच्या नगरीस एक नवे सत्पुरुष लाभले आहेत. ह्यांचा मंत्र एकच, बुडालो! बुडालोबुवांस कोरड्या पायरीवरही लाटा दिसतात. अंघोळीच्या बादलीसमोर बसण्यापूर्वी ते घरच्यांचा निरोप घेतात असे आम्ही ऐकतो." बाहेरून एक तज्ज्ञ आला, त्याने लाँचवर दोनदा उड्या मारल्या, सगळं ठीक असल्याचा शेरा दिला आणि जेवून परत गेला. लाँच तशीच चालू राहिली. तज्ज्ञाच्या उड्यांवरही एक चुरचुरीत स्फुट आलं. त्यातही हसू बाबांचंच झालं.

त्यानंतर बाबा त्या शब्दातच राहायला गेले, असं मी म्हणते. शाळेत पोरं मला पाहून गुळण्यांचे आवाज काढायची. पालिकेतला शिपाई पाण्याचा पेला पुढे करताना "सांभाळून, साहेब" म्हणायचा. बाबा घाटावरून जायचे बंद झाले, मागच्या बोळातून कचेरी गाठायला लागले. ते सभेत पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि हळूहळू कुठेच बोलेनासे झाले. समोरून कुणी आलं की चपलेचा अंगठा तुटल्यासारखे खाली वाकायचे. वर्षभराने पालिकेने लाँच तोट्यात चालते म्हणून मोडीत काढली. ती बुडाली नाही. एकही माणूस बुडाला नाही. म्हणजे संपादक बरोबर आणि बाबा चूक, हे कायमचं ठरून गेलं.

आईने साप्ताहिक घरात आणायला बंदी केली. तो शब्द तिने कधी, अगदी रागातही, उच्चारला नाही. भांडीवाली एकदा सहज "बुवा आहेत का घरात" म्हणाली, तर आईने तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं आणि सगळी भांडी स्वतः घासली. बाबा मात्र दर आठवड्याला कचेरीत उभ्याउभ्या तो पेपर वाचत. हे मला फार उशिरा कळलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यात एक ओळ आली होती: बुडालोबुवा अखेर किनाऱ्यास लागले.

शेवटच्या आजारात ते खाटेवर पडून छताकडे बघत असायचे. एकदा मी त्यांना औषध पाजत होते, तेव्हा म्हणाले, "ती लाँच बहुतेक चांगलीच होती गं. मी उगाच लोकांना ताप दिला."

मी म्हटलं, जाऊ द्या ना बाबा, किती वर्षं झाली.

"एकदा आपलं नाव छापून यायला हवं होतं त्या पेपरात," ते म्हणाले. "नुसतं नाव. बाकी काही नको."

चमचा धुवायच्या निमित्ताने मी आत गेले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढले. आत शाईचा आणि रॉकेलचा वास होता. जुळारी डोळ्यांना भिंग लावून उभा होता, आणि संपादक कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. मला वाटलं होतं समोर एखादा दुष्ट माणूस असेल. तो तर साखर कमी घालून चहा पिणारा एक म्हातारा निघाला. त्यांनी मला बसायला सांगितलं, बाबा कशाने गेले ते विचारलं, आणि खरोखर हळहळले. मी मजकुराचा कागद पुढे केला. बाबांचं नाव, गेल्याचं, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत शोकसभा आहे एवढंच.

जुळाऱ्याने कागद वाचला आणि त्याचा हात आपोआप त्या खिडकीजवळच्या ट्रेकडे गेला. दोऱ्याने बांधलेली ती जुडी मी पाहिली. वापरून वापरून अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या.

"ते नको," मी म्हटलं.

संपादक म्हणाले, कंसात तरी टाकू, नाहीतर कोण गेलं ते लोकांना कळायचं नाही. अगदी सौम्यपणे म्हणाले. मी म्हटलं, माझ्या वडिलांना नाव आहे, तेवढंच छापा.

"मी ते नाव प्रेमाने ठेवलं होतं, बाळ," ते म्हणाले.

"एवढं प्रेम होतं तर तुमच्या मुलाचं ठेवायचं होतं," मी म्हटलं.

माझी जीभ तिखट आहे, आईवर गेले आहे मी. जुळाऱ्याने मान खाली घातली आणि बाबांच्या नावाचे खिळे एकेक करून उचलायला लागला. ते नाव त्या छापखान्यात कधीच जुळवलेलं नसल्यामुळे त्याला वेळ लागला. मी उभी राहून पाहत होते. बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं सारखं मनात येत होतं.

अंक आला. आईने तो कितीतरी वर्षांनी घरात येऊ दिला. तिने चष्मा लावून ते नाव वाचलं, त्यावरून बोट फिरवलं, बोटाला शाई लागली ती पुसली नाही. शोकसभेसाठी आम्ही वाचनालयाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. वाचनालयाच्या माणसाने आणखी आणू का विचारलं, तर मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

शेजारचं जोडपं आलं. पालिकेतले एक निवृत्त कारकून आले, त्यांना कानाने कमी ऐकू येत होतं. आणखी कुणी आलं नाही. आम्ही बराच वेळ थांबलो. पंखा फिरत होता आणि त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांना तेवढाच वारा लागत होता. शेवटी कारकून उठून आईला म्हणाले, फार सज्जन माणूस, आणि काढता पाय घेतला. घरी येताना आई म्हणाली, "लोकांना हसायला वेळ होता. यायला नव्हता." मला इतका राग आला होता की घरापर्यंत मी तिच्या पुढेच चालत राहिले.

मी कामावर परत गेले तेव्हा खिडकीतून एक ओळखीचा हात आला. बाजारातला कुलूपवाला, नेहमी पाठदुखीचं मलम नेणारा.

"बुवा दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत," तो म्हणाला. "बरे आहेत ना?"

मी सांगितलं, गेले.

तो खाली वाकला आणि खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत असं कुणी वाकलं नव्हतं. "कधी? अहो, पेपरात काही आलं नाही."

"आलं होतं."

त्याने आठवून पाहिलं. एका कुणाचं नाव होतं खरं, तो म्हणाला, घरात आम्ही बोललोही, हे कोण, आपल्या गावचे दिसत नाहीत. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. मलम न घेताच गेला. दिवसभरात आणखी तिघांनी असंच काहीतरी म्हटलं. एक बाई तर रागावल्याच, आम्हाला कळवलं का नाही म्हणून.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, निवडलेली भाजी एका बाजूला केली आणि देठं गोळा करत राहिली. मला वाटलं आता ती संपादकांना शिव्या घालेल. मी वाटच पाहत होते, कारण मलाही त्यात भर घालायची होती.

"बुडालोबुवा गेले, असं छाप," ती म्हणाली.

तिच्या तोंडून तो शब्द ऐकून मला धक्का बसला. तिने तो इतक्या सहज उच्चारला, की इतकी वर्षं मनातल्या मनात तोच घोकत असावी. मी म्हटलं, निदान खाली खरं नावही टाकू.

"नको. त्यांचं नाव छापून झालं. त्याच्याबरोबर हे नको," आई म्हणाली. "आता लोकांना बोलवायचंय. इतका माणूस गेला आणि खोलीत पाच माणसं? मला नाही चालणार."

मी दुसऱ्यांदा छापखान्यात गेले. संपादकांनी काही विचारलं नाही, "मी सांगितलं होतं" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी तसं म्हणावं म्हणजे मला भांडता येईल, अशी माझी फार इच्छा होती. जुळाऱ्याने ती जुडी ट्रेमधून काढली. या वेळी काम चुटकीसरशी झालं.

आणि लोक आले. खुर्च्या संपल्या, तसे भिंतीला टेकून उभे राहिले, मग जिन्यात बसले. कुलूपवाला आला, रागावलेल्या बाई आल्या, मला गुळण्यांचे आवाज काढून दाखवणारी पोरं आता टक्कल पडलेली पुरुषमाणसं होऊन आली. संपादकही आले, जुळाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि सगळ्यांत मागे बसले. मी दाराशी उभी होते. जो तो आत येताना "बुडालोबुवा गेले हो" म्हणत होता, आणि कुणाचाही आवाज चेष्टेचा नव्हता. काहींचे डोळे पाणावलेले होते. मला ते बघवत नव्हतं. मेला होता माझा बाप, आणि गाव रडत होतं संपादकांनी तयार केलेल्या माणसासाठी.

बोलायला कुणी उठेना. शेवटी एक वाकलेला म्हातारा उभा राहिला. मी त्याला ओळखलं नाही. त्याने स्वतःच सांगितलं, मी लाँच चालवायचो.

"सभेत ते बोलले, त्यावर मीपण हसलो," तो म्हणाला. "पेपर वाचून तर फार हसलो. पण दुसऱ्या दिवशी माझी पोरगी शाळेला निघाली, तर मी तिला म्हटलं, पुलावरून जा. लांब पडलं तरी चालेल. पायाखाली फळी दबत होती हो, मला काय माहीत नव्हतं? पण बोलायचं कोणी? बोललं की नाव पडतं."

खोलीत कुजबुज झाली. मग कुलूपवाला म्हणाला, आमची पोरंसुद्धा पुलावरूनच जायची. भिंतीशी उभ्या असलेल्या एकाने सांगितलं, मी आजीला विचारायचो एवढा वळसा का, तर ती म्हणायची बुवा म्हणतात ना बुडेल, मग नको. एकेक जण सांगायला लागला. जो बाबांना हसला नव्हता असा एकही त्यात नव्हता, आणि आपलं मूल लाँचवर पाठवलं होतं असाही फारसा कुणी नव्हता. वर्षभर मी रिकामी लाँच हाकली, म्हातारा म्हणाला, म्हणून तर ती तोट्यात गेली. मोडायला घेतली तेव्हा तळ हातात आला.

बाबा खाटेवर पडून म्हणाले होते, मी उगाच लोकांना ताप दिला. माझ्या कानांत तेच घुमत होतं. सगळ्या गावाने त्यांचं ऐकलं होतं, आणि ही गोष्ट गावात एकट्या त्यांनाच माहीत नव्हती.

आई पहिल्या रांगेत होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"हे ह्यांना का नाही सांगितलंत कुणी?" तिने विचारलं. "इतकी वर्षं होते ते. रोज त्या बोळातून जात होते."

मागे संपादकांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. लाँच चालवणारा अजून उभाच होता. बसावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"सांगावंसं फार वाटायचं, वहिनी," तो म्हणाला. "त्या बोळात कितीदा समोरून आले. दोनदा तर मी मागे वळून गेलो त्यांच्या. पण हाक कशी मारायची? ते नाव तोंडावर घेववेना. आणि खरं नाव..." तो थांबला. "खरं नाव आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं."

मग आईने त्याला बाबांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, सावकाश.

म्हाताऱ्याने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, नव्या शेजाऱ्याचं नाव म्हणावं तसं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"सोपं होतं की हो," तो म्हणाला.

आई हो म्हणाली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच रडायला लागली.